आकाशातून पक्ष्यांची शिरगणती

(विशेष प्रतिनिधी)

एखाद्या तलावाच्या काठी उभे राहून समोरच्या थव्यात पक्षी किती, हे मोजून पाहावे. पहिले पन्नास बिनचूक मोजले जातात. शंभरी ओलांडली की नजर अडखळू लागते. हा पक्षी मोजला की राहिला, असा संभ्रम होतो आणि तेवढ्यात कशाने तरी बिचकून अर्धा थवा उठतो, हवेत एक वळसा घेतो आणि भलत्याच ठिकाणी जाऊन उतरतो. मोजणी पुन्हा एकपासून सुरू! शे-दोनशे पक्ष्यांच्या बाबतीत ही गत, तर जेथे पक्षी लाखांच्या संख्येने एकत्र येतात तेथे त्यांची शिरगणती कशी होत असेल?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. एखादी जात संकटात आहे की नाही, एखाद्या पाणथळ जागेला संरक्षण द्यावे की नाही, समुद्राच्या कोणत्या भागात मासेमारीला आवर घालावा, हे सारे निर्णय शेवटी एका आकड्यापाशी येऊन थांबतात. मुळात पक्षी किती आहेत हेच ठाऊक नसेल, तर ते किती कमी झाले हे कसे कळणार? त्यामुळेच गेल्या काही दशकांत पक्षीशास्त्रज्ञांनी दुर्बिणीच्या जोडीला विमान, उपग्रह आणि ड्रोन यांवरील कॅमेरे घेतले आहेत, आणि त्या छायाचित्रांतील पक्षी मोजण्याचे काम संगणकाकडे सोपवले आहे. या नव्या पद्धतीने काय साधले आणि कोठे सावध राहावे लागते, याचा हा आढावा.

नजरेचा अंदाज

मोठा थवा मोजण्याची रूढ पद्धत साधी आहे. थव्याचा एक लहान तुकडा नजरेत धरायचा, त्यातील दहा किंवा शंभर पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा केवढी जागा व्यापतो हे मनात ठसवायचे आणि असे किती तुकडे संपूर्ण थव्यात बसतील याचा हिशेब करायचा. अनुभवी पक्षीनिरीक्षक हे काम आश्चर्यकारक सफाईने करतात. तथापि या पद्धतीत दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, थवा जितका मोठा आणि दाट, तितका तो कमी मोजला जाण्याकडे माणसाच्या नजरेचा कल असतो. पुढच्या रांगेतील पक्ष्यांआड मागचे दडतात, हे त्याचे एक कारण.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. दोन निरीक्षकांनी एकाच थव्याचे दोन वेगवेगळे आकडे सांगितले, तर बरोबर कोण, हे ठरवण्याचा मार्ग उरत नाही. थवा केव्हाच उडून गेलेला असतो. वहीत राहतो तो नुसता आकडा. ज्यावरून तो काढला ते दृश्य कायमचे नाहीसे झालेले असते.

आकाशातून पाहिले, तर पुढचे-मागचे हा अडसर दूर होतो. हे जाणून उत्तर अमेरिकेत विमानातून बदकांची मोजणी फार पूर्वीच सुरू झाली. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५५ पासून संयुक्तपणे चालवलेले पाणपक्ष्यांचे हवाई सर्वेक्षण हे जगातील सर्वांत जुन्या वन्यजीव सर्वेक्षणांपैकी एक मानले जाते. लहान विमान जमिनीलगत ठरलेल्या सरळ रेषांवरून उडते आणि आतील निरीक्षक खाली दिसणारी बदके टिपत जातात. विमानातून सगळीच बदके दिसत नाहीत, हे गृहीत धरून काही भागांत अधिक बारकाईने पुन्हा मोजणी केली जाते आणि त्यावरून एकूण आकड्यात दुरुस्ती होते.

या कामाची किंमत मात्र माणसांनी जिवाने मोजली आहे. इतक्या कमी उंचीवर इंजिन बंद पडले किंवा विजेची तार आडवी आली, तर वैमानिकाला सावरायला वेळच मिळत नाही. १९३७ ते २००० या काळात अमेरिकेत काम करताना मृत्युमुखी पडलेल्या वन्यजीव कर्मचाऱ्यांच्या नोंदी एका अभ्यासात एकत्र करण्यात आल्या. अशा ९१ मृत्यूंपैकी सुमारे दोनतृतीयांश हवाई अपघातांत झालेले होते. जे काम मानवरहित यंत्र करू शकते त्यासाठी माणसाला धोक्यात का घालावे, हा युक्तिवाद त्यातूनच पुढे आला.

डेंजर बेटांवरील शोध

नव्या पद्धतीचे सामर्थ्य सर्वांत ठळकपणे दिसले ते अंटार्क्टिकात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाजवळ 'डेंजर आयलंड्स' नावाचा लहानशा खडकाळ बेटांचा समूह आहे. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉस याने १८४२ मध्ये हे नाव दिले. कारण बर्फाच्या मोठमोठ्या तुकड्यांमध्ये ही बेटे इतकी झाकलेली होती की, जहाज अगदी जवळ येईपर्यंत ती दिसलीच नाहीत. उन्हाळ्यातही हा परिसर बर्फाने वेढलेला असल्यामुळे तेथे कोणी फारसे जात नसे. द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅडेली पेंग्विनांची संख्या घटत असल्याच्या चिंताजनक नोंदी होत असताना या बेटांकडे कोणाचे विशेष लक्ष नव्हते.

२०१४ मध्ये अमेरिकेतील स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या हीदर लिंच आणि 'नासा'चे मॅथ्यू श्वालर यांना 'लँडसॅट' उपग्रहाच्या छायाचित्रांत या बेटांवर विष्ठेचे मोठे डाग आढळले. लँडसॅटच्या छायाचित्रातील एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरील सुमारे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद जागा दाखवतो. त्यात पेंग्विन दिसणे अशक्यच. परंतु हजारो पेंग्विन वर्षानुवर्षे एकाच जागी वीण करतात, तेव्हा त्यांच्या विष्ठेने खडक रंगून जातो. क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जीवांवर पोसणाऱ्या या पक्ष्यांच्या विष्ठेला तांबूस छटा असते आणि तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश आसपासच्या खडकाहून वेगळा असतो. हाच फरक शोधणारी आज्ञावली संगणकाला दिली होती. तिने डेंजर बेटांवर बोट ठेवले.

डागांवरून वसाहत आहे एवढे कळले; संख्या कळण्यासाठी प्रत्यक्ष जाणे भाग होते. डिसेंबर २०१५ मध्ये एक मोहीम बेटांवर पोहोचली. काही भागांत शास्त्रज्ञांनी चालत जाऊन घरटी मोजली. उरलेल्या भागांवरून ड्रोन उडवण्यात आले. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील यंत्रमानवशास्त्राचे भारतीय वंशाचे प्राध्यापक हनुमंत सिंग हे या मोहिमेतील हवाई छायाचित्रणाचे एक प्रमुख सूत्रधार होते. बाजारात मिळणाऱ्या चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये काही बदल करून ते वापरण्यात आले. शेत नांगरावे तसे ओळीने पुढे-मागे जात हे ड्रोन दर सेकंदाला एक छायाचित्र घेत. नंतर ती सारी छायाचित्रे जोडून संपूर्ण बेटाचे एकच प्रचंड चित्र तयार करण्यात आले आणि त्यातील घरटी संगणकाने शोधली.

२०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डेंजर बेटांवर अ‍ॅडेली पेंग्विनांच्या ७,५१,५२७ जोड्या होत्या. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उर्वरित सर्व भागांत मिळून जेवढ्या जोड्या आहेत, त्यांहून ही संख्या अधिक होती. जगातील तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या अ‍ॅडेली वसाहती याच बेटांवर निघाल्या.

येथे 'जोड्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. विणीच्या हंगामात नर-मादीपैकी एक जण घरट्यावर बसतो आणि दुसरा अन्नासाठी समुद्रात जातो. बेटावर दिसणारे पेंग्विन मोजले तर तो आकडा तासागणिक बदलेल. घरटी मात्र जागची हलत नाहीत. म्हणून काय मोजायचे आणि कोणत्या आठवड्यात मोजायचे हे कॅमेरा नव्हे, पक्ष्याच्या जीवनक्रमाचा अभ्यासक ठरवतो.

संगणक घरटे ओळखतो कसे?

बेटाचे जोडून तयार केलेले चित्र संगणकाच्या दृष्टीने आकड्यांचा एक पट असतो. प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे काही आकडे. 'पेंग्विन' या शब्दाला त्याच्या लेखी काहीही अर्थ नाही. त्यामुळे प्रथम माणसांना बसावे लागते. चित्राचे लहान तुकडे पाडून त्यांतील प्रत्येक पक्ष्यावर किंवा घरट्यावर हाताने खूण केली जाते. अशी हजारो उदाहरणे 'न्यूरल नेटवर्क' या प्रकारच्या आज्ञावलीला दाखवली जातात. प्रत्येक उदाहरणावर ती आपला अंदाज बांधते, तो माणसाच्या खुणेशी ताडून पाहते आणि चूक कमी व्हावी अशा रीतीने आपली अंतर्गत गणिते किंचित बदलते. हे असंख्य वेळा घडल्यावर खुणा नसलेल्या नव्या चित्रातही ती पक्षी दाखवू लागते.

प्रशिक्षण संपले की परीक्षा येते. चित्राचे काही तुकडे मुद्दाम बाजूला ठेवलेले असतात. ते संगणकाने पूर्वी पाहिलेले नसतात. समजा, अशा तुकड्यांत प्रत्यक्षात एक हजार घरटी आहेत. संगणकाने ९५० खुणा केल्या. त्यातील ९०० खऱ्या घरट्यांवर पडल्या आणि ५० दगडांवर. म्हणजे १०० घरटी सुटली आणि ५० दगड घरटी ठरले. वरवर पाहता हजाराच्या जागी ९५० आले, चूक अवघी पाच टक्के! वस्तुतः चुका दीडशे झाल्या आहेत. त्या एकमेकींना झाकत आहेत इतकेच. दुसऱ्या बेटावर दगड अधिक असतील तर हेच संगणक तेथे घरट्यांचा आकडा फुगवील. म्हणूनच 'सुटलेले किती' आणि 'चुकून धरलेले किती' हे दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे मांडावे लागतात आणि त्यानुसार अंतिम आकडा दुरुस्त करावा लागतो.

ही शिकवणी प्रत्येक पक्ष्यासाठी आणि प्रत्येक जागेसाठी नव्याने द्यावी लागते, ही मोठी अडचण होती. हिरव्या दलदलीतील पांढरे बगळे ओळखायला शिकलेले संगणक करड्या वाळूवरील सुरय पक्ष्यांपुढे गोंधळते. फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांच्या एका गटाने २०२२ मध्ये यावर एक उपाय मांडला. तेरा निरनिराळ्या प्रकल्पांतील अडीच लाखांहून अधिक खुणा एकत्र करून त्यांनी सर्वसाधारण 'पक्षी' ओळखणारी आज्ञावली तयार केली. नव्या जागी ती थोड्याफार स्थानिक उदाहरणांवर पुन्हा शिकवली की काम भागते. लाखो खुणा नव्याने करण्याची गरज राहत नाही.

बनावट बदकांची कसोटी

संगणकाचा आकडा माणसाच्या आकड्याहून अचूक आहे, हे सिद्ध कसे करायचे? रानातील थव्याची खरी संख्या कोणालाच ठाऊक नसते. मग ताडून पाहायचे कशाशी? ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या जॅरॉड हॉजसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मजेदार तोडगा काढला. त्यांनी शिकारी वापरतात तशी हजारो प्लास्टिकची बदके आणली आणि समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या बनावट वसाहती मांडल्या. प्रत्येक वसाहतीत बदके किती, हे आयोजकांना नेमके ठाऊक होते.

त्यानंतर अनुभवी निरीक्षकांना दुर्बिणी देऊन ती बदके जमिनीवरून मोजायला सांगण्यात आले. त्याच वसाहतींची ड्रोनने निरनिराळ्या उंचीवरून छायाचित्रे घेण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ड्रोनच्या छायाचित्रांवरून केलेली मोजणी जमिनीवरील मोजणीपेक्षा ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक ठरली. छायाचित्रांतील बदके माणसांनी मोजली काय किंवा संगणकाने मोजली काय, अचूकतेत फरक पडला नाही. संगणकाने वेळ मात्र खूप वाचवला.

या प्रयोगाचा एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. अचूकता वाढली ती प्रामुख्याने संगणकामुळे नव्हे, तर छायाचित्रामुळे. थवा कागदावर किंवा पडद्यावर स्थिर झाला की तो कितीही वेळा मोजता येतो, दुसऱ्याकडून तपासून घेता येतो, दहा वर्षांनी अधिक चांगली आज्ञावली आली तर तिच्याकडून पुन्हा मोजून घेता येतो. यंत्रही चुकते, पण त्याची चूक किती, हे मागे जाऊन तपासता येते. नजरेच्या अंदाजाला ही सोय नव्हती.

अंतराळातून एम्परर पेंग्विन

ड्रोन उडवायलाही कोणीतरी तेथे पोहोचावे लागते. एम्परर पेंग्विनांच्या बाबतीत तेही कठीण. हा पक्षी अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर वीण करतो. त्याच्या बहुसंख्य वसाहतींपर्यंत त्या काळात माणूस जाऊच शकत नाही. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे पीटर फ्रेटवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून संपूर्ण किनारा उपग्रहांच्या छायाचित्रांतून पिंजून काढला. शुभ्र बर्फावरील तपकिरी डागांवरून वसाहती शोधायच्या आणि मग त्या जागांची २००९ च्या विणीच्या हंगामातील अधिक सुस्पष्ट छायाचित्रे मिळवायची, असा क्रम होता.

ही छायाचित्रे सुस्पष्ट असली तरी दाटीवाटीने उभे असलेले पेंग्विन त्यांत एकेक वेगळे दिसत नाहीत. त्यामुळे येथे पक्षी मोजले गेले नाहीत, तर त्यांनी व्यापलेली जागा मोजली गेली. बर्फ, सावली, विष्ठा आणि पेंग्विन असे चार भाग संगणकाने वेगळे केले. अकरा ठिकाणी पेंग्विनांची प्रत्यक्ष मोजणी उपलब्ध होती. एवढ्या जागेत सरासरी एवढे पक्षी, हे प्रमाण तिच्यावरून बांधून ते सर्वत्र लावण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गणनेत ४६ वसाहती आणि सुमारे २,३८,००० जोड्या आढळल्या. त्यापूर्वीचा प्रसिद्ध अंदाज १,३५,००० ते १,७५,००० जोड्यांचा होता.

मग एम्परर पेंग्विन वाढले काय? मुळीच नाही. पाहणारी नजर सुधारली, एवढाच त्याचा अर्थ. निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले दोन आकडे शेजारी ठेवून 'वाढ' किंवा 'घट' जाहीर करणे, ही पक्षीगणनेतील नेहमीची फसगत आहे. पद्धत तीच ठेवून वर्षानुवर्षे मोजले तरच बदल कळतो. आणि तसे मोजल्यावर जे दिसले ते सुखावह नव्हते. द्वीपकल्प, वेडेल समुद्र आणि बेलिंग्सहाउझेन समुद्र या पट्ट्यातील सोळा वसाहतींचा २००९ ते २०२४ या काळातील उपग्रह छायाचित्रांवरून केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील पेंग्विनांची संख्या सुमारे २२ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज त्यात मांडण्यात आला.

त्याआधी २०२२ मध्ये याच छायाचित्रांनी एक विदारक घटना टिपली होती. एम्पररच्या पिल्लांच्या अंगावर पाण्यापासून रक्षण करणारी पिसे साधारण डिसेंबर-जानेवारीपर्यंत येतात. तोवर पायाखालचा बर्फ टिकणे हाच त्यांच्या जगण्याचा आधार. त्या वर्षी बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या काही भागांतील बर्फ नोव्हेंबरमध्येच फुटून वाहून गेला. तेथील पाच वसाहतींपैकी चार वसाहतींचे डाग छायाचित्रांतून वेळेआधीच दिसेनासे झाले. त्या चार वसाहतींमधील एकही पिल्लू बहुधा वाचले नसावे, असा निष्कर्ष संशोधकांना काढावा लागला. तेथे पाहायला माणूस नव्हता. उपग्रह नसता तर ही पिल्ले मेल्याचे जगाला समजलेही नसते.

जुन्या छायाचित्रांचा उपयोग डेंजर बेटांच्या बाबतीतही झाला. लँडसॅटच्या १९८० च्या दशकापासूनच्या संग्रहातील विष्ठेचे डाग पुन्हा तपासले असता, तेथील पेंग्विनांची संख्या १९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्वाधिक होती आणि त्यानंतर ती दहा ते वीस टक्क्यांनी घटली असावी, असे लिंच यांनी २०१८ च्या अखेरीस मांडले. ज्या वसाहतीचा शोध नुकताच लागला होता, तिची गेल्या तीन दशकांची कहाणी अशा रीतीने मागे जाऊन वाचता आली.

मर्यादा आणि धोके

अर्थात या तंत्राने सारे प्रश्न सुटले असे नव्हे. मोकळ्या जागी, गर्दीने आणि ठळक रंगांत वावरणारे पक्षीच आकाशातून मोजता येतात. झाडीत दडणाऱ्या बुलबुलाला किंवा गवतातील लाव्याला वरचा कॅमेरा काय पाहणार? एकाच भागाची छायाचित्रे लागोपाठ घेताना पक्षी हलले तर एकच पक्षी दोनदा मोजला जातो.

शिवाय संगणकाला शिकवणारा माणूसच साशंक असेल तर काय? ३० सेंटिमीटरचा एक ठिपका अशा सूक्ष्मतेच्या उपग्रह छायाचित्रांतून अल्बाट्रॉस मोजण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यात तीन मीटरहून अधिक पंखविस्ताराचा हा महाकाय पक्षीही काही पांढऱ्या ठिपक्यांपुरता उरतो. ते ठिपके अल्बाट्रॉसचे की खडकाचे, यावर जाणकारांचेही एकमत होत नाही, असे २०२० मधील एका अभ्यासात दिसून आले. ज्या उत्तरपत्रिकेवरून संगणकाला गुण द्यायचे तीच उत्तरपत्रिका संदिग्ध असली, तर संगणकाच्या अचूकतेची टक्केवारीही तितकीच संदिग्ध राहते.

ड्रोनचा पक्ष्यांना होणारा उपद्रव हा तर गंभीर विषय आहे. फ्रान्समध्ये २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बदके, रोहित आणि हिरव्या पायांचा तुतवार या पक्ष्यांकडे सावकाश, तिरप्या दिशेने ड्रोन नेले असता पाचपैकी चार वेळा ते चार मीटरपर्यंत पोहोचूनही पक्षी विचलित झाले नाहीत. तेच ड्रोन सरळ डोक्यावरून खाली आणले तेव्हा मात्र पक्षी अधिक बिथरले. शिकारी पक्षी असाच झेपावतो, हे त्याचे संभाव्य कारण. निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका अभयारण्यात दिसले. तेथे ड्रोन उडवण्यास मनाई असताना कोणीतरी उडवलेले ड्रोन विणीच्या जागी कोसळले. घाबरलेल्या सुमारे तीन हजार सुरय पक्ष्यांनी जागा सोडली आणि दीड हजारांहून अधिक अंडी उघड्यावर पडून वाया गेली.

ठाण्याच्या खाडीत

मुंबईकरांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. शिवडी ते ठाणे-ऐरोली या पट्ट्यातील चिखलावर दर हिवाळ्यात उतरणारे छोटे आणि मोठे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, हा या महानगराचा अभिमानाचा विषय आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या २०१९ मधील मोजणीत त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तिला 'रामसर' या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत स्थान मिळाले. आकड्यांनी मिळवून दिलेले हे संरक्षण आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आपल्याकडील पाणपक्ष्यांच्या मोजणीचा कणा आजही माणूसच आहे. १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत देशभरातील हौशी पक्षीनिरीक्षक दुर्बीण आणि वही घेऊन तलावांकाठी उभे राहतात. त्यांच्या श्रमांचे मोल मोठे आहे. रोहित पक्षी मात्र आकाशातून मोजण्यास अत्यंत सोयीचा. ओहोटीच्या वेळी उघड्या चिखलावर तो दाटीने पसरतो आणि करड्या पार्श्वभूमीवर त्याचा फिकट गुलाबी रंग उठून दिसतो. फ्रान्सच्या कामार्ग प्रदेशातील मोठ्या रोहितांच्या वसाहतींची हवाई छायाचित्रे संगणकाकडून मोजून घेण्याची पद्धत तेथील संशोधकांनी २०११ मध्येच मांडली होती. वरून पाहताना प्रत्येक पक्षी एका लहान लंबवर्तुळासारखा दिसतो. चित्रात अशी लंबवर्तुळे एकमेकांवर न चढता किती बसतात, हे संगणक शोधून काढतो. मोठा रोहित आपल्या खाडीतही येतोच.

अडचणी येथेही आहेत. मुंबईचे आकाश विमानांनी गजबजलेले आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि अभयारण्यात वन विभागाची संमती हवी. हे निर्बंध अनाठायी नाहीत. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ उतरत्या विमानाची धडक बसून ३९ रोहित मरण पावले, ही घटना ताजी आहे. बिथरलेला थवा आणि विमानाचा मार्ग एकत्र येणे पक्ष्यांना आणि प्रवाशांना सारखेच धोक्याचे. त्यामुळे येथे ड्रोन उडवायचे झाल्यास ते प्रशिक्षित हातांनी, ठरलेल्या वेळी आणि पक्ष्यांचे वर्तन जाणणाऱ्या अभ्यासकांच्या देखरेखीखालीच उडायला हवे. खाडीकाठी मोबाइलसाठी चित्रफीत टिपायला ड्रोन घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींनी तर बोल्सा चिकाची आठवण ठेवलेली बरी.

ठाण्याच्या खाडीत किनाऱ्यावरील निरीक्षक हटवून तेथे यंत्र बसवावे, असे कोणी सुचवत नाही. डेंजर बेटांवरही माणसांनी चिखल-विष्ठेतून चालत घरटी मोजली, तेव्हाच संगणकाचा आकडा विश्वासार्ह ठरला. एम्पररच्या गणनेला अकरा ठिकाणच्या प्रत्यक्ष मोजणीचा आधार होता. दुर्बिणीतून पाहणाऱ्याने जात ओळखायची, वरच्या कॅमेऱ्याने संपूर्ण थवा एका क्षणी टिपायचा आणि संगणकाने तो मोजून चुकीचा हिशेबही सोबत द्यायचा, अशी ही कामाची वाटणी आहे.

खाडीभोवती भराव, पूल आणि इमारती यांचे प्रस्ताव पुढेही येतच राहतील. त्या प्रत्येक वेळी 'येथे पक्षी होते तरी किती?' हा प्रश्न विचारला जाईल. त्या वेळी वहीतील अंदाजाबरोबर तारीख आणि वेळ घातलेले, कोणालाही पुन्हा मोजता येईल असे छायाचित्र पुढे ठेवता आले, तर रोहितांची बाजू अधिक भक्कमपणे मांडता येईल.